तुमची सहाण पोचली

विहीणबाई,

तुमची सहाण पोचली. निखिल काल संध्याकाळी घेऊन आला. तुमच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर सुतळीच्या गाठी, त्याही तुमच्याच हातच्या असणार, कारण सोडवताना माझं नख तुटलं. निखिल म्हणाला, "आईने बजावून सांगितलं होतं, ही बिबवेवाडीच्या आजींनाच द्यायची." मी विचारलं, "मला कशाला?" तर म्हणाला, "मीही तेच विचारलं. ती म्हणाली, त्यांना कळेल."

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुम्ही तान्ह्या पोरांसाठी गुटी करायचात, म्हणजे हिरडा, जायफळ, वेखंड, मुरडशेंग असं काय काय या दगडावर उगाळून त्यांना चाटवायचात. त्याला तुम्ही गुटी म्हणायचात आणि मी चिखल. इतकी वर्षं मी ज्या दगडाची टिंगल केली, तोच जाताना माझ्या गळ्यात बांधून गेलात. म्हटलं, हा विहीणबाईंचा शेवटचा टोमणा, आता उलट उत्तरही देता यायचं नाही.

मग पातळाच्या आतल्या घडीतून एक गुळगुळीत गोटा घरंगळला. निखिल म्हणाला, "हा कसा काय यात आला कळत नाही. टाकून देऊ?"

"ठेव तिथे," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले बहुतेक, कारण तो दचकला.

जायफळ नाही, हिरडा नाही, वेखंड नाही. नुसती सहाण आणि तुळशीतला गोटा. मला कळलं, विहीणबाई.

तुमच्या तेराव्याला मी मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते. एकेक जण उठून तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता. सुगरण म्हणाले, ते खरं. काटकसरी म्हणाले, तेही खरं. मग तुमच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "स्वभावाने अगदी मनमिळाऊ." मी निखिलकडे पाहिलं. निखिलने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मनमिळाऊ! मला मागूनच ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, या बाई माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलल्या ते ऐका.

आठवतं ना? पोरांनी कंपनीतच एकमेकांना पसंत करून टाकलेलं, आपल्याला नुसतं कळवायचं राहिलेलं. तुम्ही नारायण पेठेतल्या, तुमच्या घरी देव्हारा आणि सोवळ्याच्या आठवणी. आमच्या घरी रोज बुद्धवंदना. दोन्हीकडचे नातेवाईक आता काय होतंय म्हणून चहाच्या कपात तोंड घालून बसलेले. आणि तुम्ही एकदम मला विचारलंत, "मुलीला लहानपणी काय काय आजार झालेत?"

मी कचेरीत सदतीस वर्षं फायली उडवलेली बाई. मला वाटलं, ही आपल्या पोरीत खोट काढते आहे. मी म्हणाले, "गोवर, कांजिण्या, गालगुंड. तुमच्या मुलाला?"

"तेच. शिवाय तापात आकडी यायची."

"जंत?"

"पुष्कळ."

"आमच्याकडेही."

लोक पत्रिका जुळवतात, आपण आजार जुळवले. निघताना दारात तुम्ही म्हणालात, "मुलगी चांगली आहे. आमचा मुलगा तुमचा तुम्ही बघून घ्या." मी रिक्षात बसेपर्यंत हसू दाबलं होतं.

आता तुमच्यामागे तुमच्याबद्दलच बोलत राहिले तर अन्याय होईल, म्हणून थोडं माझ्याबद्दलही. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, कारण तुम्ही ते मला शंभरदा सांगायला लावायचात आणि दर वेळी पदर तोंडावर घेऊन हसायचात. माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले गंडेदोरे, ताईत, दृष्टीचे मणी एका टोपलीत भरून बाहेर काढले. तेव्हापासून आमच्या घरात एकच कसोटी. छापलेलं आहे का? छापलेलं असलं की खरं. ही कसोटी घेऊन मी सरकारी कचेरीत कारकून झाले आणि प्रज्ञाची आईसुद्धा झाले. काय सांगू त्या एकोणतीस वर्षांच्या विदुषीबद्दल! दुधाच्या पावडरीच्या डब्यावर इंग्रजीत छापलं होतं की बाळाला तीन तीन तासांनी पाजावं. झालं. विदुषी उशाशी गजराचं घड्याळ घेऊन बसली. प्रज्ञा रडते आहे, विदुषीही रडते आहे, ब्लाउज ओला झालाय, आणि हिची नजर काट्यावर.

माझ्या सासूबाई गावाकडच्या. त्या म्हणाल्या, "पाज की गं त्या लेकराला."

"अजून वेळ झाली नाही."

"कुणाची?"

"घड्याळाची."

"मग घड्याळाला पाज," म्हणाल्या आणि तंबाखू मळत अंगणात निघून गेल्या.

ही गोष्ट मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितली ती पोरांच्या वारज्याच्या घरी, त्या सोफ्यावर. त्याआधी आपण गोष्टी सांगण्याइतक्या बोलत नव्हतो. आपण लढत होतो.

आपली नात सानिका सात महिन्यांची होती. प्रज्ञाची रजा कधीच संपलेली. सकाळी कंपनीची गाडी तिला हिंजवडीला न्यायची आणि संध्याकाळी अमेरिकेतली माणसं जागी झाली की ती फोनवर बसायची. निखिलला कंपनीने त्याच अमेरिकेत पाठवलेला. वारज्याला तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या, पाण्याचे टँकर यायचे, खिडकी उघडली की सिमेंटची धूळ घरात. अशा घरी आपली वाटणी ठरली होती. सोमवार ते बुधवार मी, गुरुवार ते शनिवार तुम्ही.

सोमवारी मी यायचे तेव्हा सानू तेलाने अशी निथळत असायची की उचलताना भीती वाटावी. मी तिला कडक वासाच्या औषधी साबणाने दोनदा धुवायचे आणि वर पावडरीचा थर द्यायचे, जिलबीवर पिठीसाखर भुरभुरावी तसा. गुरुवारी तुम्ही यायचात आणि पोरीचं कातडं सुकटासारखं केलंय म्हणून डाळीचं पीठ, साय, हळद घेऊन बसायचात. तुमच्या तेलामुळे माझा साबण वाढत गेला, माझ्या साबणामुळे तुमचं तेल. गालावरची तीट मी पुसायचे. ती मग गालावर दिसेनाशी झाली तेव्हा मी प्रज्ञाला फोन करून सांगितलं, की तुझ्या सासूबाई सुधारल्या. पुढच्या सोमवारी मोजा काढला तर तळपायाला काळा ठिपका! त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण दाद दिली होती, तेवढं सांगते.

मग पोरीच्या गालांवर लाल चट्टे आले. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत कातडी सोलल्यासारखी. ती खाजवायची, रक्त यायचं, रडायची. मी प्रज्ञाला सांगायचे, "डाळीच्या पिठाने होतंय." तुम्ही सांगायचात, "साबणाने होतंय." दोघीही ऑफिसात फोन करून सांगायचो. प्रज्ञाने एकदा फोन उचलून नुसतं "हं" म्हटलं आणि ठेवून दिला. तेव्हाच खरं म्हणजे मला भीती वाटायला हवी होती.

डॉक्टरीणबाई आपल्या पोरांच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "अंगाला काय काय लावता?"

"मी साधा साबण," मी म्हणाले.

"मी काही नाही. आपलं बोटभर तेल," तुम्ही म्हणालात.

त्यांनी आपल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक आजी बाहेर बसा. मग दुसऱ्या." फौजदार चोरांना वेगळं करतो तसं केलं हो त्यांनी! आत गेल्यावर मी माझं काही सांगितलं नाही, पण तुमचं सगळं सांगितलं. पीठ, साय, हळद, वेखंडाची पूड, ओव्याची धुरी, काजळ, गुटी. मग मी बाहेर आणि तुम्ही आत. नंतर कळलं की तुम्ही साबणाचं नाव, पावडरीचा डबा, दोनदा अंघोळ, आणि मी गुपचूप लावलेलं घरातलं जुनं उरलेलं मलम, सगळं अगदी रंगासकट सांगितलंत. प्रत्येकीने स्वतःचं झाकलं आणि दुसरीचं उघडलं. डॉक्टरीणबाईंना सगळं बसल्या जागी मिळालं.

त्या म्हणाल्या, "हिची कातडी मुळात कोरडी आणि हळवी आहे. पुष्कळ मुलांची असते. मोठं होता होता बहुतेकांचं बरंच कमी होतं. पण सध्या हिला आजार थोडा आहे आणि आज्या फार झाल्यात." मग सांगितलं, कोमट पाण्याने झटपट अंघोळ, पाठोपाठ हे एक पांढरं मलम, नखं कापलेली, सुती कपडे. "बाकी काहीही नाही. महिनाभर."

"गुटी?" तुम्ही.

"नाही."

"पावडर?" मी.

"नाही."

"थोडंसं तेल—"

"आजी," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला गप्प करणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

निखिलच्या आकडीचंही त्यांनी त्याच वेळी विचारून घेतलं. बापाला होती तर लेकीलाही तापात येऊ शकते म्हणाल्या. आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, किती वेळ चालते ते घड्याळात बघायचं, थांबली की घेऊन यायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर वाट न बघता निघायचं. मी मान हलवत होते. माझं लक्ष तुमच्या साबणाच्या चुगलीकडे होतं.

परतताना रिक्षात प्रज्ञा मधे बसली, सानू तिच्या मांडीवर. ती शांतपणे म्हणाली, "ऐका दोघी. महिनाभरात कुणीही हिला काहीही लावलं, हुंगवलं, चाटवलं, तर हिला कोपऱ्यावरच्या पाळणाघरात टाकणार. तिथे निदान एकच बाई आहे."

आवाज चढवला असता तर मी भांडले असते. तिने चढवला नाही.

गणित सोपं होतं. कुणा एकीकडून चूक झाली तरी पोर दोघींच्या हातून जाणार. माझा माझ्यावर विश्वास होता, तुमच्यावर नव्हता. सोमवारी सकाळी मी दोन बस बदलून वारज्याला पोचले तर तुम्ही आधीच सोफ्यावर.

"आज सोमवार आहे," मी म्हणाले.

"मला वार कळतात."

"मग?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला आलेय."

गुरुवारी मी आले. तुम्ही दार उघडलंत आणि काही न विचारता चहाला दुसरा कप काढलात.

त्या महिन्याइतकं अवघड काम मी कचेरीतही केलं नाही. सोफ्याच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी, खाली चादरीवर सानू. ती खाजवायला लागली की कुणीतरी हात धरायचा, खुळखुळा वाजवायचा. पुन्हा बसायचं. दोन धडधाकट बायका, चार रिकामे हात, आणि समोर लाल झालेलं पोर. काहीतरी करावं असं बोटांना वाटत राहायचं. मी पावटे सोलायला घेतले. तुम्हीही सोललेत. त्या महिन्यात प्रज्ञाने इतकी पावट्याची उसळ खाल्ली की ती अजून पावट्याचं नाव काढत नाही.

आणि आपण बोललो. माझं घड्याळ तेव्हाचं. नारायण पेठेतल्या तुमच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी तेव्हाच्या. दात येताना पोरांना ताप आणि जुलाब होतात की नाही, यावर आपण सलग दोन दुपारी भांडलो. तुमचं म्हणणं, होतातच. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, दातांनी जुलाब होत नाहीत, त्या वयात पोरं दिसेल ते तोंडात घालतात म्हणून होतात. मी विजयी मुद्रेने तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांना दात आले तेव्हा त्यांच्या आईला विचारा." हे भांडण आपलं तसंच राहिलं. मी अजून हरलेले नाही, याची नोंद घ्यावी.

मग ती दुपार. सानू झोपलेली, मी पेंगत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. दगडावर दगड. माझी झोप उडाली. चवड्यांवर चालत गेले, म्हणजे मला वाटलं चवड्यांवर. ओट्याशी तुम्ही पाठमोऱ्या, कोपर गोल गोल फिरतंय. समोर सहाण.

"सापडलात!" मी म्हणाले.

"हळू. उठेल ती."

"हे काय चाललंय?"

"पाणी."

"मला शिकवू नका. काय घातलंय त्यात?"

तुम्ही वळलात, सहाण दोन्ही हातांनी उचलून माझ्या तोंडासमोर धरलीत. "चाटून बघा."

आणि मी चाटलं हो! साठीची बाई, दुसऱ्याच्या ओट्याशी उभी राहून दगड चाटते आहे. आधी वास घेतला, मग जिभेचं टोक लावलं. पाणी होतं. जुन्या जायफळाचा लांबून वास, बाकी पाणी. आणि तुमच्या हातात गोटा. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतला.

"मग उगाळताय काय?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात. "हाताला लागतं."

पाणी मोरीत ओतलंत, सहाण पुसलीत, पदराआड धरून पिशवीत ठेवलीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. मीसुद्धा प्रज्ञाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सानू अंग वेडंवाकडं करून रडत होती. तुम्ही आत जाऊन उगाळायला लागलात आणि पोर आवाजाकडे मान वळवून गप्प झाली. त्यानंतर मीच म्हणायला लागले, "उठा, उगाळा तुमचं पाणी."

"तुम्ही उगाळा की एकदा."

"मी नाही त्यातली."

"जमायचं नाही तुम्हाला, ते कबूल करा."

मी कबूल केलं नाही. करून बघितलंही नाही.

महिना संपत आला होता. चट्टे पिवळट गुलाबी झाले होते. त्या सकाळी सानूला ताप चढला. प्रज्ञाला कळवलं, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं तेवढं औषध दिलं, अंगावरचं कमी केलं. दुपारी ती तुमच्या मांडीवर होती आणि अचानक ताठ झाली. डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले.

मी काय केलं ते सांगते, कारण ते तुम्हाला फार आवडायचं. छापलेलं तेवढंच मानणारी, ताईताला नाक मुरडणारी मी, धावत स्वयंपाकघरात गेले आणि एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कांदा घेऊन आले. चमचा दातात घालायला, कांदा हुंगवायला. आणि गुटीवाल्या तुम्ही! तुम्ही सानूला चादरीवर कुशीवर वळवलं होतंत, पाठीमागे नुसता हात, गळ्याशी मोकळं केलेलं झबलं.

"चमचा ठेवा."

"जीभ चावेल ती—"

"ठेवा म्हणते ना खाली. घड्याळ बघा. ते तुम्हाला येतं."

मी घड्याळ बघितलं. दुसरं काही करायचं नव्हतं. माझ्या आयुष्यात काट्याकडे बघून मी दोनदा रडले आहे, ही दुसरी वेळ. मग झटके थांबले. सानूने एक मोठा श्वास घेतला, रडली, आणि तुमच्या हातावर झोपून गेली. माझ्या हातात अजून कांदा होता.

रिक्षातून दवाखान्यात जाताना तुम्ही समोर रस्त्याकडे बघत म्हणालात, "माझ्या थोरल्याच्या वेळी घरातल्या प्रत्येकाने काही ना काही केलं."

निखिलच्या आधी तुम्हाला कुणी होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रिक्षा खड्ड्यातून उसळली, तुम्ही सानूचं डोकं सावरलंत. मी पुढे विचारलं नाही. तुम्ही पुढे सांगितलं नाही. नंतरही कधी नाही. मुलाचं नाव तरी विचारायला हवं होतं मी. आता निखिलला विचारावं तर त्याला माहीत आहे की नाही, तेही माहीत नाही. हे तुमचं तुमच्यापाशीच ठेवते.

प्रज्ञा थेट ऑफिसातून दवाखान्यात आली, गळ्यात ते कंपनीचं ओळखपत्र, चेहरा पांढरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, तापातली आकडी होती, थांबली, बाकी सगळं तपासलंय. प्रज्ञाने आपल्या दोघींकडे पाहिलं.

"तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," आपण दोघी एकदम म्हणालो.

ती बाकावर बसली आणि हसायला लागली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. पाळणाघराचा विषय त्यानंतर निघाला नाही. आपली वाटणीही पुन्हा झाली नाही. सोमवार असो की गुरुवार, सोफ्याची दोन्ही टोकं भरलेली.

सानूची कातडी पिठाने बिघडली होती की साबणाने, याचा निकाल लागायचा राहिला. ती आता चौथीत आहे. थंडीत कोपराशी अजून खाजवते, आणि ते पांढरं मलम स्वतःचं स्वतः लावते. परवा मला म्हणाली, "आजी, तुम्ही दोघी माझ्यावर प्रयोग करत होतात ना?" कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, "नारायण पेठेच्या आजीने. ती म्हणाली, जास्त प्रयोग तुझे होते." जाता जाता तेवढं काम उरकून गेलात म्हणायचं.

तुमच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी रोज येत होते. तिथेही सगळे काही ना काही करत होते. निखिल रिपोर्ट घेऊन या खोलीतून त्या खोलीत, प्रज्ञा फोनवर, नर्स नळ्या बघत. मी खुर्चीवर. आपल्याला सराव होता ना. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या आणि उजवा हात चादरीवर गोल गोल फिरत होता. निखिल वाकून विचारत होता, "आई, खाजतंय का? काही टोचतंय का?" नर्सने चादर बदलली. हात फिरतच होता.

ते बाहेर गेले तेव्हा मी माझा तळवा तुमच्या हाताखाली सरकवला. तुम्ही थोडा वेळ उगाळलंत. मग थांबलात. मी दाराकडे बघून घेतलं, कुणी बघत नव्हतं.

एवढंच. त्याला आपण दोघींनी मिळून काही केलं असं म्हणता यायचं नाही.

आता इकडची खबर. सानूचा धाकटा भाऊ कबीर पाच महिन्यांचा झालाय. तुम्ही त्याला दोनदाच मांडीवर घेतलंत. त्याला सर्दी झाली आहे. ताप नाही, दूध पितो, नाक तेवढं सूं सूं वाजतं. डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिलेत आणि म्हणाल्या, बाकी काही करू नका. तुम्हाला त्यांचा आवाज आठवत असेल. प्रज्ञा आता घरूनच काम करते, कानाला ते यंत्र लावून आतल्या खोलीत. सोफ्यावर मी एकटी. आणि माझ्या पर्समध्ये बामची डबी आहे, विहीणबाई. मोठ्या माणसांची, झोंबणारी. आज दुपारी त्याचं नाक वाजायला लागलं आणि माझा हात पर्सकडे गेला. एवढ्याशा छातीवर तो लावायचा नाही, हे मला पाठ आहे. तरी चेन उघडली. मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. तिथे सानूचं दप्तर पडलेलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तुम्ही गेलात. इतके दिवस मी तुमच्यावर लक्ष ठेवत होते, असं मला वाटायचं. मला अडवायला आता कोण?

मी पर्स कपाटाच्या वर टाकली, जिथे माझा हात पोचत नाही. मग येताना पिशवीत आणलेली तुमची सहाण ओट्यावर मांडली. चार थेंब पाणी घातलं. गोटा धरला.

जमत नाही हो. पहिल्याच फेऱ्यात निसटून सिंकमध्ये पडला. दुसऱ्यांदा पाणी कोपरापर्यंत आलं. तुम्ही तळव्याच्या खालच्या भागाने धरायचात की बोटांनी, हे इतकी वर्षं बघून मला सांगता येईना. मग कसाबसा आवाज निघाला. खर्र. थांबून, पुन्हा खर्र. बाहेर कबीरचं किरकिरणं थांबलं.

पाठीमागून प्रज्ञा म्हणाली, "आई! काय उगाळते आहेस?"

कानाचं यंत्र गळ्यात, डोळे वटारलेले. त्यातून कुणीतरी अमेरिकन तिच्या नावाने हाका मारत होता.

"पाणी."

"आई, खरं सांग. काय घातलंयस त्यात?"

मी सहाण दोन्ही हातांनी उचलून तिच्या तोंडासमोर धरली. "चाटून बघ."

तिने आधी वास घेतला. मग चाटलं. माझ्याकडे बघितलं, सहाणेकडे बघितलं. गळ्यातलं यंत्र काढून तिने ओट्यावर ठेवलं, अमेरिकन तसाच बोलत राहिला, आणि म्हणाली, "सरक. दे इकडे."

तिलाही जमत नाही, विहीणबाई. तुम्हाला बरं वाटेल म्हणून कळवते.